फळांतील, पानांतील व बियांतील रक्षकद्रव्यें

वांगें चिरून तसेंच ताटांत ठेवलें तर थोड्याच वेळांत त्याच्या फोडी काळवंडतात. म्हणून चिरलेलीं वांगीं लगेच पाण्यांत टाकण्याची चाल घरोघरीं आहे. बटाट्याची व सफरचंदाची तीच गत. लिंबाची फोड मात्र कितीही वेळ उघडी ठेवा, ती सुकेल पण तशी काळी पडणार नाहीं. इतकेंच नव्हे, तर तिचा रस सफरचंदाच्या फोडीवर चोळला असतां त्या फोडीचाही मूळ रंग पुष्कळ वेळ टिकतो. ही गोष्ट आपण सर्वजण पाहतों व विसरून जातों. हंगेरी देशांतील एका शास्त्रज्ञास ती विसरतां आली नाहीं, आणि तिच्यापासून निघालेली वाट थेट नोबेल पारितोषिकापर्यंत गेली. त्याची हकीकत पुढें येणारच आहे. पण हल्लीं वर्तमानपत्रांतून, औषधांच्या दुकानांतून व चूर्णांच्या डब्यांवरून ‘अँटिऑक्सिडंट’ हा जो शब्द सारखा डोळ्यांवर आदळत असतो, त्याचें मूळ या चिरलेल्या फोडींतच आहे, हें आरंभीं सांगितलेलें बरें.

फोड काळी पडण्याचें कारण असें. वांग्याच्या गरांत फेनॉल जातीचीं कांहीं द्रव्यें असतात, आणि त्याच गरांत, पण वेगळ्या कप्प्यांत, एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारें प्रथिन, असतें. सुरीनें कप्पे फुटले कीं दोहोंची गांठ पडते, बाहेरचा प्राणवायु त्यांस मिळतो, आणि त्या द्रव्यांचें रूपांतर होऊन काळसर रंग उत्पन्न होतो. या क्रियेस ऑक्सिडीकरण म्हणतात. लोखंड गंजतें, तेल खवट होतें, लाकूड जळतें, या साऱ्या त्याच कुळांतील क्रिया होत. रसायनशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर ज्या पदार्थापासून इलेक्ट्रॉन काढून घेतला जातो त्याचें ऑक्सिडीकरण झालें असें समजतात. लिंबाच्या रसांत असें एक द्रव्य आहे कीं तें स्वतःचे इलेक्ट्रॉन देऊन टाकतें व शेजारच्या द्रव्याची झालेली हानि भरून काढतें; शिवाय रसाच्या आंबटपणामुळें तें विकरही मंद पडतें. जीं द्रव्यें याप्रमाणें स्वतः झीज सोसून दुसऱ्यास वांचवितात तींच अँटिऑक्सिडंट. आपण त्यांस या लेखापुरतें रक्षकद्रव्यें म्हणूं.

वनस्पतींनीं हीं द्रव्यें आपल्यासाठीं तयार केलेलीं नाहींत, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. पान दिवसभर उन्हांत उभें असतें व त्याच्या आंतच प्राणवायु निर्माण होत असतो. अशा भट्टींत बसलेल्या पानास स्वतःचा बचाव करणें भागच आहे. बियांमध्यें पुढच्या रोपाची शिदोरी पुष्कळदां तेलाच्या रूपानें भरलेली असते, आणि पाऊस येईपर्यंत ती खवट होऊन चालत नाहीं. ई जीवनसत्त्व तयार करण्याची शक्ति ज्यांच्यांत नाहीं अशीं रोपें शास्त्रज्ञांनीं मुद्दाम निवडून पाहिलीं, तेव्हां त्यांच्या बिया साठवणींत लवकर निकामी होतात असें दिसून आलें. फळाची गोष्ट थोडी निराळी. कच्चेपणीं तुरट राहून किडीस व जनावरांस दूर ठेवावयाचें आणि पिकल्यावर रंगानें पांखरांस बोलवावयाचें, हीं दोन्ही कामें तें याच कुळांतील द्रव्यांकडून करून घेतें. तेव्हां झाडास उपयोगी म्हणून आपल्याही उपयोगी, असें समीकरण मांडण्यापूर्वीं प्रत्येक द्रव्याची स्वतंत्र चौकशी करावी लागते. ती चौकशी कांहीं द्रव्यांची पुरी झाली आहे, कांहींची अर्धवट आहे, आणि एकाच्या बाबतींत तिचें उत्तर अगदीं अनपेक्षित आलें.

आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी हे ते हंगेरियन शास्त्रज्ञ. १९२० नंतरच्या कांहीं वर्षांत हॉलंडमधील ग्रोनिंगेन येथें असतांना, कांहीं फळें चिरल्यावर काळीं पडतात व कांहीं पडत नाहींत या भेदाचा त्यांनीं पिच्छा पुरविला. पुढें इंग्लंडांत केंब्रिज येथें त्यांनीं तें इलेक्ट्रॉन देणारें द्रव्य जनावरांच्या मूत्रपिंडावरील ग्रंथींतून, तसेंच संत्र्यांतून व कोबींतून वेगळें काढलें, व १९२८ सालीं तें प्रसिद्ध केलें. तें शर्करेच्या जातीचें दिसत होतें, पण नक्की काय तें कळेना. म्हणून त्यांनीं त्यास ‘ठाऊक नाहीं’ अशा अर्थाचें एक विनोदी नांव दिलें. नियतकालिकाच्या संपादकांनीं तें नाकारलें. तेव्हां ‘देवास ठाऊक’ अशा अर्थाचें दुसरें सुचविलें. तेंही अर्थातच नाकारलें गेलें, आणि शेवटीं हेक्झ्युरॉनिक अ‍ॅसिड असें गंभीर नांव ठरलें. १९३२ सालीं हें द्रव्य म्हणजेच क जीवनसत्त्व, असें सिद्ध झालें. अडचण एवढीच कीं तें पुरेसें मिळेना. त्या वेळीं ते स्वदेशीं सेगेद येथील विद्यापीठांत होते, आणि त्या प्रांतांत तांबड्या मिरचीचें पीक मोठें. एके रात्रीं जेवणांत आलेली ती मिरची खावीशी वाटेना, म्हणून आपण ती प्रयोगशाळेंत नेली, असें ते स्वतः सांगत. त्या मिरचींतून कांहीं आठवड्यांत किलोग्रॅमच्या मापानें क जीवनसत्त्व हातीं आलें. १९३७ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

हें द्रव्य औषध म्हणून कसें सिद्ध झालें तें पाहावयाचें तर आणखी मागें जावें लागतें. महिनोन्महिने समुद्रावर राहणाऱ्या जुन्या काळच्या खलाशांस स्कर्व्ही नांवाचा रोग होई. हिरड्या सुजून त्यांतून रक्त येई, दांत हलूं लागत, भरलेल्या जखमा पुन्हा उलत, आणि शेवटीं माणूस दगावे. इंग्रजी आरमारांतील शस्त्रवैद्य जेम्स लिंड यानें १७४७ सालीं सॅलिस्बरी नांवाच्या जहाजावर असे १२ रोगी निवडले, त्यांच्या सहा जोड्या केल्या, सर्वांस अन्न एकच ठेवलें, आणि प्रत्येक जोडीस निराळें औषध दिलें. एका जोडीस सफरचंदाची दारू, एकीस व्हिनेगर, एकीस समुद्राचें पाणी, असा तो प्रकार होता. ज्या जोडीस रोज दोन संत्रीं व एक लिंबू मिळालें तिच्यांतील एकजण सहा दिवसांत कामावर हजर होण्याइतका बरा झाला. लिंडचा ग्रंथ १७५३ सालीं प्रसिद्ध झाला. आरमारांत लिंबाचा रस देण्याची व्यवस्था मात्र १७९५ सालीं झाली. मधल्या ४२ वर्षांत किती खलाशी हकनाक मेले असतील याचा विचार मनांत आला म्हणजे वाईट वाटतें. असो. एकाच वेळीं, सारख्या रोग्यांस, निरनिराळीं औषधें देऊन तुलना करावयाची ही लिंडची युक्ति विद्यार्थ्यांनीं नीट लक्षांत ठेवावी. पुढें तिचेंच काम पडणार आहे.

क जीवनसत्त्वानें स्कर्व्ही बरा होतो तो कोणत्याही अस्पष्ट ‘शुद्धीकरणा’मुळें नव्हे. आपली कातडी, हिरड्या, हाडें व रक्तवाहिन्या यांस बळकटी देणारें कोलॅजेन नांवाचें प्रथिन शरीरांत विणलें जात असतां एका विकरास लोहाची गरज असते, आणि तें लोह कामाच्या स्थितींत ठेवण्यास क जीवनसत्त्वाचे इलेक्ट्रॉन लागतात. इलेक्ट्रॉन देण्याचा गुण तोच, पण काम अगदीं नेमकें. बहुतेक जनावरें हें द्रव्य आपल्या शरीरांतच तयार करतात. मनुष्य, वानर व गिनीपिग यांची ती शक्ति नष्ट झाली आहे. यास्तव आपणांस तें अन्नांतून घ्यावें लागतें. स्कर्व्ही टाळण्यास दिवसाकाठीं सुमारें १० मिलिग्रॅम पुरतें. चांगल्या आरोग्यासाठीं त्याच्या कांहीं पट घ्यावें असें आहारशास्त्र सांगतें, पण त्याहून पुष्कळ अधिक घेतलें तर बरेंचसें लघवीवाटे निघून जातें.

आपल्या देशांत या द्रव्याचें मोठें भांडार म्हणजे आवळा. १९३९-४० सालीं पंजाबांतील हिसार जिल्ह्यांत (हा जिल्हा आतां हरियाणा राज्यांत आहे) दुष्काळ पडला, हिरवा पाला दिसेनासा झाला, आणि लोकांस स्कर्व्हीनें गांठलें. त्या वेळीं आवळा देऊन तो रोग हटविण्यांत आला. जें फळ आपल्याकडे रानांत उगवतें, कार्तिकांत ज्याच्या झाडाखालीं वनभोजनें होतात, त्याची याहून मोठी परीक्षा कोणती व्हावयाची? १०० ग्रॅम आवळ्यांत ६०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतें असें जुन्या कोष्टकांतून छापलेलें आढळतें. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत तो आंकडा सुमारें २५० आहे. म्हणून आवळा दरिद्री झाला असें नाहीं. संत्र्यांत तो ५० च्या आसपासच असतो. परंतु मोजण्याच्या जुन्या रीतींत एखाद्या रंगाचा नाश किती होतो तें पाहत, आणि रंगाचा नाश करणारीं इतर द्रव्येंही आवळ्यांत आहेत. नव्या उपकरणांनीं एकच द्रव्य निवडून मोजतां येतें. शिवाय झाडाझाडांतही फरक पडतो.

जुन्या रीतीशीं नातें सांगणारा एक प्रयोग विद्यार्थ्यांस शाळेच्या प्रयोगशाळेंत करतां येईल. भाताची पेज पाण्यांत पातळ करून तींत आयोडीनच्या द्रावणाचा एक थेंब टाकावा. पेज निळी होते. आतां तींत थेंबथेंब लिंबाचा रस टाकीत जावें व रंग किती थेंबांनीं जातो तें मोजावें. मग नव्या पेजेंत आवळ्याच्या रसानें तसेंच करावें. आवळ्याचे थेंब कमी लागतील. त्यांतील श्रेय क जीवनसत्त्वाचें किती व तुरट द्रव्यांचें किती हें या प्रयोगानें कळत नाहीं. प्रयोगांतील पेज कोणीं चाखूं नये, हें सांगणें न लगे. तरी सांगून ठेवतों.

त्या तुरट द्रव्यांचें नांव टॅनिन. आवळा लोखंडी विळीवर चिरला तर पातें व फोडी काळ्या पडतात, हें गृहिणी जाणतात. हिरडा व हिराकस यांपासून पूर्वीं शाई करीत, तिचें मर्महि हेंच. हिरड्यांत टॅनिन, हिराकशींत लोह. दोहोंचा संयोग झाला कीं काळा रंग तयार. आतां हाच संयोग पोटांत झाला तर काय होईल? टॅनिननें धरलेलें लोह आंतड्यांतून रक्तांत सहज जात नाहीं. ज्या गुणामुळें हें द्रव्य रक्षक ठरतें, कारण मोकळें लोह ऑक्सिडीकरणास चेव आणतें, तोच गुण येथें आड येतो.

हें मीं विस्तारानें लिहिलें त्यास कारण आहे. यहेज्केलाच्या पुस्तकांतील ४७ व्या अध्यायांत मंदिरांतून निघालेल्या नदीच्या काठच्या झाडांचें वर्णन आलें आहे. तेथें फळ अन्नाच्या कामीं व पान औषधाच्या कामीं येतें. पान म्हणजे औषध ही समजूत इतकी पुरातन आहे. आज जगांत ज्या पानांचा फार मोठा खप आहे त्यांपैकीं एक चहाचें पान होय, आणि त्यांतील कॅटेचिन व टॅनिन या द्रव्यांची रक्षकद्रव्यें म्हणून मोठी वाहवा चालते. वाहवा खोटी नाहीं. तीं द्रव्यें चहांत आहेतच. परंतु जेवणाबरोबर चहा घेतला असतां भाकरी, डाळ व पालेभाजी यांतील लोहाचें शोषण निम्म्याहून अधिक घटतें असें प्रयोगांत आढळलें आहे. आपल्या देशांत मुलींत व स्त्रियांत रक्तक्षयाचें प्रमाण फार मोठें आहे. ज्या घरांतील मुलगी शाळेंत येतांना चहा व पोळी एवढ्यावरच निघते त्या घरीं ही गोष्ट समजलेली असावी. चहा जेवणानंतर तासा-दीड तासानें घ्यावा. उलट, पालेभाजीवर किंवा वरणावर लिंबू पिळलें, अगर ताटांत पेरूची फोड असली, तर क जीवनसत्त्वामुळें तेंच लोह अधिक प्रमाणांत शोषलें जातें. दोन्ही रक्षकद्रव्येंच, एक लोहाची वाट अडवितें, दुसरें मोकळी करतें. नुसत्या ‘अँटिऑक्सिडंट’ या पदवीवरून कोण काय करील हें ओळखतां येत नाहीं.

बियांकडे वळूं. तेल खवट कां होतें? तेलाच्या एका कणावर प्राणवायूचा हल्ला झाला कीं तो कण बिघडतो व बिघडतां बिघडतां शेजाऱ्यास बिघडवितो. शेजारी त्याच्या शेजाऱ्यास. वाळल्या गवतास लागलेल्या आगीसारखी ही सांखळी असते. रक्षकद्रव्य मध्यें उभें राहून ती सांखळी तोडतें. जवसाच्या तेलांत अशा हल्ल्यास लवकर बळी पडणारीं अम्लें पुष्कळ. म्हणून तें हवेंत ठेवलें तर घट्ट होतें, चित्रकार त्यांत रंग कालवितात, आणि त्या तेलांत भिजलेल्या चिंध्यांचा ढीग कोपऱ्यांत पडून राहिला तर आपोआप पेटण्याचा धोका असतो. तिळाचें तेल मात्र टिकाऊपणाबद्दल प्रसिद्ध आहे, कारण तिळांत सेसमिन व सेसमोलिन हीं द्रव्यें असतात. तीळ भाजले असतां सेसमोलिनपासून सेसमोल तयार होतें व तें सांखळी तोडण्याच्या कामीं अधिकच तरबेज असतें. संक्रांतीस तीळ भाजून लाडू करणाऱ्यांच्या मनांत हें कांहीं नसेल. ते खमंगपणासाठीं भाजतात, व तें योग्यच आहे. बरणींतलें तेल टिकविण्याचें काम या द्रव्यांनीं सिद्ध करून दाखविलें आहे. मनुष्याचें शरीर म्हणजे तेलाची बरणी नव्हे, ही खरी अडचण.

शरीरांतही ऑक्सिडीकरण अखंड चालू असतें. अन्नापासून शक्ति मिळते ती त्यानेंच. त्या व्यवहारांत एखादा इलेक्ट्रॉन निसटून मुक्त मूलक नांवाचे उतावळे कण उत्पन्न होतात व ते पेशींतील मेद, प्रथिनें व आनुवंशिक द्रव्य यांस इजा करूं शकतात. त्यांच्या बंदोबस्तासाठीं शरीराजवळ स्वतःचीं विकरें आहेत. त्यांतील एका प्रमुख विकराचा शोध १९६९ सालीं अमेरिकेंत मॅककॉर्ड व फ्रिडोविच यांनीं जाहीर केला. दुसरी बाजू अशी कीं पांढऱ्या पेशी रोगजंतूंस मारतात त्या याच उतावळ्या कणांचा मारा करून. तेव्हां ते कण सरसकट शत्रु नव्हेत. तथापि बाजारास एवढा बारकावा मानवत नाहीं. कांचनळींत कोणतें फळ किती मुक्त मूलक गिळतें याचे आंकडे काढून अमेरिकेच्या शेतकी खात्यानें मोठीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं होतीं. व्यापाऱ्यांनीं तीं जाहिरातींत वापरलीं. कांचनळींतील आंकड्यांवरून शरीरांतील परिणाम सांगतां येत नाहीं व या आंकड्यांचा गैरवापर होत आहे, असें म्हणून त्याच खात्यानें २०१२ सालीं तीं कोष्टकें मागें घेतलीं. वनस्पतींतील यांपैकीं बरींच द्रव्यें आंतड्यांतून फारशीं शोषलीं जात नाहींत. जीं जातात त्यांचें रूप तेथील जंतूंमुळें व यकृतामुळें पालटतें.

आतां लिंडच्या युक्तीचें काम. गाजर, पपई, हिरवा पाला यांत बीटा कॅरोटीन नांवाचें रक्षकद्रव्य असतें, व त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतें. अशीं फळें व भाज्या भरपूर खाणाऱ्यांस फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो असें अनेक पाहण्यांत दिसलें होतें. तर मग तें द्रव्य गोळीच्या रूपानें कां देऊं नये? फिनलंडांत धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांचे गट करून कांहींस खरी व कांहींस पोकळ गोळी कित्येक वर्षें देण्यांत आली. १९९४ सालीं निकाल बाहेर पडला. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग शेंकडा १८ नें अधिक! अमेरिकेंत १८,३१४ लोकांवर असाच एक प्रयोग चालला होता. तेथें बीटा कॅरोटीनबरोबर अ जीवनसत्त्वही देत. तो १९९६ सालीं मुदतीपूर्वीं थांबवावा लागला, कारण गोळी घेणाऱ्यांत तो रोग शेंकडा २८ नें अधिक आढळला. गाजर खाणारा मनुष्य आणि गाजरांतील एक द्रव्य मोठ्या मात्रेनें गिळणारा मनुष्य, यांत किती अंतर आहे तें या दोन प्रयोगांनीं दाखविलें. गाजरें कोणीं सोडूं नयेत. पण ‘झाडपाल्याचें आहे, अपाय तर होणार नाहीं’ हें वाक्य यापुढें ऐकूं येईल तेव्हां फिनलंडची आठवण अवश्य करावी.

आणि हें वाक्य सर्वांत अधिक ऐकूं येतें तें जांभळाच्या बियांविषयीं. जांभूळबीचें चूर्ण मधुमेहावर देण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. इन्शुलिनचा शोध लागण्यापूर्वीं युरोपांतील डॉक्टरही तें वापरून पाहत. बीमध्यें गॅलिक व एलॅजिक अम्लांसारखीं रक्षकद्रव्यें आहेत हें खरें, आणि मधुमेह उत्पन्न केलेल्या उंदरांस तें चूर्ण दिलें असतां रक्तांतील साखर उतरली, असे अनेक प्रयोग प्रसिद्ध आहेत. माणसांवरील पुरावा मात्र तुटपुंजा आहे. ब्राझील देशांत जांभळाच्या पानांचा काढा लोक मधुमेहावर घेतात. तेथील संशोधकांनीं तो खऱ्या व पोकळ औषधाची तुलना करून तपासला, तेव्हां साखर उतरल्याचें दिसलें नाहीं.

येथें पालकांनीं एक भेद मनांत पक्का करावा. मधुमेह दोन मुख्य प्रकारचा आहे. प्रौढ वयांत बहुधा आढळणाऱ्या प्रकारांत शरीर इन्शुलिन तयार करीत असतें, पण तें पुरें पडत नाहीं. शाळकरी मुलांस बहुधा होणारा प्रकार निराळा. त्यांत स्वादुपिंडांतील इन्शुलिन करणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. १९२१ सालीं टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं इन्शुलिन मिळविलें, आणि १९२२ च्या जानेवारींत तें प्रथम एका १४ वर्षांच्या मुलास टोचण्यांत आलें. तोंवर हा रोग झालेलीं मुलें उपासमारीच्या पथ्यावर कांहीं काळ तग धरीत व मरत. जांभूळबीचें चूर्ण त्या काळींही उपलब्ध होतें, हें विसरूं नये. अशा मुलाचें इन्शुलिन ‘सुयांचा त्रास नको’ म्हणून बंद करून चूर्णावर ठेवलें तर थोड्याच दिवसांत, कधीं एक-दोन दिवसांतच, रक्तांत अम्लें साठूं लागतात. उलट्या होतात, श्वास जोरानें व खोल चालतो, तोंडास पिकल्या फळासारखा वास येतो, शुद्धि हरपते, आणि उपचार न झाल्यास मृत्यु येतो. वर्गांतील एखादें मूल एकाएकीं वाळूं लागलें, सारखें पाणी पिऊं लागलें, तासांतून दोनदां लघवीस जाण्याची परवानगी मागूं लागलें, तर शिक्षकांनीं त्यास रागें भरूं नये व घरच्यांनीं काढ्यांत दिवस घालवूं नयेत. त्याच दिवशीं त्याची साखर तपासून घ्यावी.

वनस्पतींतून मधुमेहाचें औषध निघूंच शकत नाहीं असें मात्र नाहीं. युरोपांत गॅलेगा ऑफिसिनॅलिस नांवाची एक रानवनस्पति आहे. तींतील गॅलेजिन हें द्रव्य साखर उतरवितें, पण विषारी आहे, असें आढळल्यावर रसायनशास्त्रज्ञांनीं त्याच्या जातीचीं दुसरीं द्रव्यें तयार केलीं. त्यांतील मेटफॉर्मिन हें १९५७ सालीं फ्रान्समध्यें झां स्टर्न यांनीं रोग्यांस देऊन त्याचा गुण प्रसिद्ध केला. आज प्रौढांच्या मधुमेहावर जगभर बहुधा प्रथम दिलें जाणारें औषध तेंच. मुळांतल्या झुडपापासून या गोळीपर्यंतच्या वाटेंत द्रव्य निवडणें, त्याचें विष काढणें, मात्रा ठरविणें व रोग्यांवर तुलना करून पाहणें, एवढे टप्पे होते. चूर्णाच्या डब्यानें ते ओलांडलेले नसतात. उलट, मधुमेहावरील कांहीं चूर्णांत डॉक्टरी गोळ्यांचें औषध गुपचूप मिसळल्याचें तपासणींत उघडकीस आलें आहे; मग साखर उतरते तें श्रेय जांभळाचें समजावयाचें काय? घरांतील वडील माणसें चूर्ण घेतच असतील तर त्यांनीं तें डॉक्टरांस सांगावें, साखर वेळोवेळीं मोजावी, व चालू औषध आपल्या मनानें सोडूं नये.

राहिलें जांभूळ फळ. त्यांत साखर आहेच, म्हणून मधुमेह्यांनीं तें बेतानें खावें. बाकीच्यांनीं ज्येष्ठ-आषाढांत यथेच्छ. तें खाल्ल्यावर जीभ जांभळी होते ती अँथोसायनिन जातीच्या रंगद्रव्यांमुळें, आणि तींही याच रक्षकद्रव्यांच्या कुटुंबांतलीं. सदऱ्यावर जांभळाचा डाग पडून त्यास साबण लागला तर तो निळसर होतो, आणि त्यावर लिंबू चोळलें तर पुन्हा तांबूस. प्रयोगशाळेंतील लिटमस संपला असेल त्या दिवशीं जांभळाच्या रसांत बुडवून वाळविलेल्या टीपकागदाच्या पट्ट्या अम्ल व अल्कली ओळखण्यास चांगल्या उपयोगी पडतात.